वाचकांचे प्रश्न : नॉर्वेजियनचे लांबलचक शब्द कुठे तोडायचे आणि जोर कुठे द्यायचा

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले होते की नॉर्वेजियनमध्ये दोन-तीन शब्द चिकटवून एकच लांब शब्द करतात आणि मधे स्पेस ठेवत नाहीत. त्यावर इतके प्रश्न आले की या वेळी पूर्ण सदर त्यालाच देतेय. एक आधीच सांगते, अक्षरं देवनागरीत लिहितेय त्यामुळे काही स्वर अगदी तंतोतंत उतरणार नाहीत, नॉर्वेजियन वर्णमालेत २९ अक्षरं आहेत आणि शेवटच्या तिघांतलं एक असं आहे की ओठ गोल करून 'ए' म्हणायचं, ते मी 'ओ' लिहिलंय, समजून घ्या. आणि उच्चार जे देतेय ते ऑस्लो आणि आसपासचे आहेत. नॉर्वेत बोलण्याची अशी एक सरकारमान्य प्रमाणभाषा नाहीच, लिहिण्याच्या दोन आहेत, बूकमोल आणि न्यूनॉर्स्क, बोलताना प्रत्येक जण आपल्या गावचं बोलतो. मला ते फार आवडतं.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी स्टाव्हँगरला आलो. छोटी वाक्यं वाचतो, दुकानात बोलतो, पण सरकारी पत्र आलं की हात टेकतो. एकेक शब्द मालगाडीएवढा. 'ऑपहॉल्सतिल्लातेल्से' हा शब्द मी सिलॅबल मोजत मोजत वाचला तरी अर्थ लागेना. अशा शब्दाचे तुकडे कसे पाडायचे?

उत्तर : सिलॅबल मोजू नका. निदान आधी तरी नको. आधी सांधा शोधायचा, म्हणजे कुठला शब्द संपला आणि दुसरा कुठे चिकटला ती जागा. सिलॅबल त्यानंतर आपोआप पडतात, आणि उलट क्रमाने गेलात तर तुमचं झालं तसंच होतं, वाचून सगळं होतं आणि हाती काही लागत नाही.

तुमचाच शब्द घ्या. शेवटाकडून बघा, कारण नॉर्वेजियनमध्ये मालक शेवटी बसतो. 'तिल्लातेल्से' म्हणजे परवानगी. त्याच्या आधी 'ऑपहॉल' म्हणजे मुक्काम, राहणं. मधे जो एस उरला तो कुणाचाच नाही, तो नुसता डिंक. मुक्कामाची परवानगी, म्हणजे तुमचं रेसिडेन्स परमिट. शाळेत तत्पुरुष समास शिकलो होतो ना, राजाचा वाडा तो राजवाडा, त्यात वाडा महत्त्वाचा आणि राजा त्याचं विशेषण, तेच हे. लिंगसुद्धा शेवटच्या शब्दाचंच लागतं, जसं आपल्याकडे बैल पुल्लिंगी असला तरी 'ती बैलगाडी', कारण गाडी स्त्रीलिंगी. नॉर्वेजियनमध्येही हाच हिशेब, त्यामुळे लांब शब्दाचं लिंग वेगळं पाठ करावं लागत नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते असं, की सांधा शोधायचं काम तुम्ही मराठीत रोज करताय, फक्त लक्षात येत नाही. 'घरकाम' हा शब्द बघा. लिहिलंय घ-र-का-म. पण आपण 'घर्-काम्' म्हणतो, 'र' मधला अ गिळतो, कारण आपल्याला माहीत आहे की 'घर' तिथे संपलं. 'देवघर', 'हातरुमाल', 'राजवाडा', सगळीकडे तेच. मराठी शिकणारा परदेशी माणूस 'घ-र-का-म' असं चार समान ठोक्यांत वाचतो आणि आपल्याला क्षणभर कळतच नाही तो काय म्हणतोय. नॉर्वेजियन वाचताना आपण नेमके त्या परदेशी माणसाच्या जागी असतो. कान तयार आहे, शब्दसंग्रह वाढला की तोच कान तिकडेही चालतो.

डिंकाबद्दल थोडं. दोन अक्षरं मुख्यतः डिंकाचं काम करतात, एस आणि ई. 'बाण' म्हणजे मूल (हो, अगदी आपल्या धनुष्यबाणातला बाण, उच्चार तोच, फक्त आ जरा लांबवायचा) आणि 'स्कूले' म्हणजे शाळा, त्याची 'बाणेस्कूले' म्हणजे प्राथमिक शाळा, मधला ए, म्हणजे स्पेलिंगमधला ई, तो डिंक. एस कधी येतो त्याचा पक्का नियम नाही पण एक खूण फार कामाची आहे. 'व्हीन' म्हणजे वाइन, 'ग्लास' म्हणजे ग्लास, 'व्हीनग्लास' चिकटला, डिंक नाही. पण 'रोव्हीन' म्हणजे रेड वाइन, हा शब्द स्वतःच जोडलेला, त्याला ग्लास चिकटवताना होतो 'रोव्हीन्सग्लास', एस आला. म्हणजे आधीच जोडलेल्या शब्दाला आणखी काही जोडायचं असेल तर मोठ्या सांध्यावर एस येतो बऱ्याचदा. त्यामुळे लांब शब्दात मधेच एस दिसला की तिथे बोट ठेवा, मुख्य सांधा तिथेच असण्याची शक्यता जास्त. तसंच 'हेत', 'इंग', 'शून', 'तेत' अशा शेपट्या असलेल्या शब्दांनंतर एस जवळपास ठरलेलाच.

एसचा एक खड्डाही आहे. नॉर्वेजियनमध्ये एस-के-जे अशी तीन अक्षरं एकत्र आली की 'श' होतो, आणि नुसतं के-जे आलं तर वेगळाच आवाज, 'ह्य' आणि 'श' यांच्या मधला. 'व्हॅर्दन्सह्येंत' म्हणजे जगप्रसिद्ध. लिहिताना एस, के, जे शेजारी शेजारी येतात म्हणून नवीन माणूस 'व्हॅर्दन-शेंत' वाचतो. पण सांधा एसनंतर आहे, एस डिंकाचा, के-जे पुढच्या शब्दाचा. सांधा चुकला की आवाजच चुकतो. (हल्लीची बरीच तरुण मुलं के-जेला सरळ 'श' म्हणतात आणि त्यावर तिकडे मोठ्या माणसांची नाराजी असते, पण तुम्ही शिकताना जुनाच शिका.)

सरावासाठी तुमच्याच शहरातला शब्द देते. स्टाव्हँगरमध्ये तेलाचं काम बघणारं सरकारी खातं आहे, त्याचं नाव आधी 'ऑल्येदिरेक्तुराते' होतं, ऑल्ये म्हणजे तेल. १ जानेवारी २०२४ पासून ते 'सॉक्केलदिरेक्तुराते' झालं, सॉक्केल म्हणजे समुद्राखालचा खंडमंच. मागचा डबा तोच राहिला, पुढचा बदलला. पत्र आलं की पेन्सिल घ्या आणि सांध्यांवर उभ्या रेघा मारा, महिनाभर करा. मी पहिल्या वर्षी प्रत्येक पत्रावर हे केलंय, माझी जुनी पत्रं अजून तशीच रेघांनी भरलेली आहेत.

प्रश्न : ऑस्लोत राहते. क्लासमध्ये सांगितलं की जोर नेहमी पहिल्या सिलॅबलवर. पण मेट्रोत 'नाशुनालतेआत्रे' स्टेशनची अनाउन्समेंट ऐकते तेव्हा जोर मधेच कुठेतरी असतो. नक्की काय?

उत्तर : तुमचे कान बरोबर आहेत आणि क्लासमधलं वाक्य अर्धवट आहे. पूर्ण वाक्य असं, की जोडशब्दात मुख्य जोर पहिल्या भागावर असतो, आणि त्या भागात नेमका कुठे, तर तो भाग एकटा असताना जिथे जोर असतो तिथेच. अस्सल जुन्या नॉर्वेजियन शब्दांत तो पहिल्या सिलॅबलवर असतो म्हणून क्लासमध्ये तसं सांगतात. पण लॅटिन, फ्रेंचमधून आलेल्या शब्दांत जोर शेवटाकडे असतो. 'नाशुनाल' एकटा म्हणताना जोर 'नाल'वर. म्हणून स्टेशनच्या नावातही मोठा ठोका 'नाल'वर. ते थिएटर १८९९ साली उघडलं आणि नावाचं स्पेलिंग अजून जुन्याच पद्धतीचं ठेवलंय, म्हणून पाटीवर बघून गोंधळ आणखी वाढतो.

'पुलिती' म्हणजे पोलीस, जोर 'ती'वर, मग 'पुलितीस्ताशून' म्हणजे पोलीस स्टेशन, तिथेही मोठा जोर 'ती'वरच, पहिल्या 'पु'वर नाही. 'उनिव्हॅशितेत' म्हणजे विद्यापीठ, जोर 'तेत'वर, मग विद्यापीठाचं हॉस्पिटल 'उनिव्हॅशितेत्सस्यूकेहूस', मोठा जोर पाचव्या सिलॅबलवर जाऊन बसला.

हे झालं मोठ्या जोराचं. पण लांब शब्दात एक छोटा जोरही असतो आणि आपल्या लोकांचं खरं तिथेच बिनसतं. छोटा जोर शेवटच्या भागावर, त्याच्या स्वतःच्या जोराच्या जागी. 'ऊतलेनिंग्सदिरेक्तुराते' घ्या, व्हिसा-परमिटचं खातं, आपल्यापैकी प्रत्येकाला माहीत असलेलं. एकटा 'दिरेक्तुरात' म्हटला तर जोर 'रात'वर. पण इथे तो मागे जोडलाय, म्हणून मोठा ठोका 'ऊत'वर, मधलं सगळं पटकन आणि सपाट म्हणायचं, 'लेनिंग्सदिरेक्तु', आणि मग 'रा'वर आवाज थोडा टेकतो, स्वर लांब होतो पण ठोका मोठा नाही. शेवटचा टी लिहिलेला असतो पण म्हणत नाहीत. तबल्याच्या आवर्तनात सम एकदाच येते, तसंच हे, पूर्ण शब्दात सम एकच. बाकी टाळ्या असतात, पण त्यांना समेचं वजन नाही द्यायचं.

आपण मराठी माणसं बोलताना जोर फारसा वापरत नाही, सिलॅबल लांब की आखूड एवढंच बघतो, त्यामुळे नॉर्वेजियन शब्दही एका पातळीत, सगळे सिलॅबल सारखे ठोकत बोलतो. काही वर्षांपूर्वी मी एका दवाखान्यात फोन केला होता आणि 'तेलेफून्नुम्मेर', म्हणजे टेलिफोन नंबर, हा एकच शब्द तीनदा म्हणूनही समोरच्या बाईंना कळला नाही. मी आवाज वाढवला, आणखी हळू बोलले, 'ते-ले-फून-नुम-मेर', आणि त्याने उलट जास्तच बिघडलं कारण आता पाच सारखे ठोके झाले आणि त्यांना पाच वेगळे शब्द ऐकू येत होते. फोन ठेवल्यावर फार वाईट वाटलं. नंतर ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने सांगितलं की तुझे उच्चार चांगले आहेत, तू फक्त मागचं वजन उतरव. 'फून'वर एक ठोका दे आणि 'नुम्मेर' त्याच्या अंगावर टाकून दे. दुसऱ्या दिवशी केलं, लगेच कळलं. तेव्हापासून मी सगळ्यांना हेच सांगते की हळू बोलण्यापेक्षा एकाच ठिकाणी नीट ठोका द्या, समोरचा माणूस अक्षरं नाही मोजत, तो ठोक्यावरून शब्द ओळखतो.

ठोक्याच्या सिलॅबलमध्ये आणखी एक बघायचं, स्वर लांब तरी हवा नाहीतर त्याच्या पुढचं व्यंजन लांब हवं. 'ताऽक' म्हणजे छप्पर, 'ताक्क' म्हणजे धन्यवाद. जोडशब्दातही हे टिकतं. 'माऽत' म्हणजे जेवण, त्याचा 'माऽतपाक्के' म्हणजे डबा, तिकडे शाळेत-ऑफिसात नेतात तो ब्रेडचा. मुलांच्या शाळेतून सूचना येते त्यात हा शब्द असतोच. 'मात्तपाक्के' म्हटलंत तर कानाला खटकतं.

अपवाद विचारणारच तुम्ही म्हणून सांगते, काही गावांची नावं. 'क्रिस्तियानसान' आणि 'क्रिस्तियानसुन', दोन्ही जोडशब्द, पण जोर शेवटच्या भागावर, 'सान' आणि 'सुन'वर. पहिलं दक्षिणेला, चौथ्या क्रिस्तियान राजाने १६४१ मध्ये वसवलेलं, दुसरं उत्तरेकडे, त्याला १७४२ मध्ये सहाव्या क्रिस्तियानवरून नाव मिळालं. नावं इतकी सारखी की पत्रावर एकाला एस आणि दुसऱ्याला एन लावायची पद्धत पडली, दक्षिण आणि उत्तर. फरक शेवटच्या तुकड्यात आहे तर जोरही तिथेच पडतो हे बोलणाऱ्याच्या सोयीचंच आहे. आणि पूर्व नॉर्वेच्या खेड्यांत तुम्हाला 'पुलिती'चा जोरसुद्धा 'पु'वर ऐकू येईल, बाहेरून आलेले शब्द तिथे पुढून ठोकतात. तो त्यांचा जुना ढंग आहे, चूक नाही.

प्रश्न : मुलगा बर्गनला चौथीत आहे. त्याने निबंधात एक शब्द मधे स्पेस ठेवून लिहिला तर बाईंनी लाल खूण केली आणि वर्गात सगळी मुलं हसली म्हणे. तो शब्द 'लाम्मेलोर' होता. एका स्पेसने एवढं काय होतं?

उत्तर : बरंच होतं. 'लाम्मेलोर' एकत्र म्हणजे कोकराची तंगडी, तिकडची नेहमीची रविवारची डिश. स्पेस ठेवलीत तर 'लाम्मे लोर', म्हणजे लुळ्या पडलेल्या मांड्या. मुलं त्याला हसली नाहीत हो, शब्दाला हसली, त्याला सांगा. हे उदाहरण नॉर्वेत इतकं गाजलेलं आहे की प्रत्येक शाळेत कधी ना कधी निघतंच.

आपल्याकडचं बघा, 'सीताफळ खाते' आणि 'सीता फळ खाते'. पहिल्यात कोण खातंय माहीत नाही, दुसऱ्यात कुठलं फळ माहीत नाही. मुलाला हे सांगितलंत तर एका मिनिटात कळेल. मग तिकडची उदाहरणं द्या. 'रॉइकफ्रित्त' एकत्र म्हणजे इथे धूम्रपान नाही, 'रॉइक फ्रित्त' म्हणजे खुशाल ओढा. एकाच पाटीवर नेमका उलटा अर्थ. 'ह्यल्लिंगलेव्हेर' एकत्र म्हणजे कोंबडीची कलेजी, तोडलं की 'ह्यल्लिंग लेव्हेर', कोंबडी जिवंत आहे. मेन्यूकार्डवर तळलेली कोंबडी जिवंत आहे असं छापलेलं दिसलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल.

आणि हा स्पेस नुसता लिहिण्यातला नाही, तो ऐकू येतो, म्हणूनच मी इतकं बोलतेय. एकत्र लिहिलेल्याला मोठा ठोका एक. तोडून लिहिलेल्याला दोन मोठे ठोके. 'ब्लोबॅर' एका ठोक्यात म्हणजे ते ठरावीक जंगली फळ, ऑगस्टमध्ये लोक बादल्या घेऊन रानात जातात त्याच्यासाठी, चावलं की आतून जांभळं आणि जीभ रंगते. 'ब्लो बॅर' दोन ठोक्यांत म्हणजे कुठलंही निळं फळ. मुलाला लिहिण्याआधी शब्द मोठ्याने म्हणायला सांगा, एक ठोका आला तर एकत्र, दोन आले तर स्पेस. बर्गनची मुलं जन्मापासून हे ऐकतात, तुमचा मुलगाही खेळताना बरोबरच म्हणत असेल बघा, फक्त लिहिताना इंग्रजी आड येतं. मोठी नॉर्वेजियन माणसंही ही चूक करतात, इंग्रजीच्या सवयीने आणि थोडं स्पेलचेकमुळे, कारण नवा जोडशब्द कम्प्युटरच्या यादीत नसला की तो खाली लाल रेघ मारतो, माणूस घाबरून स्पेस देतो, रेघ जाते आणि चूक राहते.

प्रश्न : पुण्यात आयटीत आहे, क्लायंट नॉर्वेचा. त्यांची वेबसाइट मोबाइलवर उघडली की लांब शब्द बटणाच्या बाहेर जातात. आम्ही कुठेही हायफन टाकला तर त्यांच्याकडून तक्रार येते. नियम काय आहे?

उत्तर : पहिला नियम तोच, सांध्यावर तोडा. जोडशब्द ओळीच्या शेवटी तोडायचा तर दोन भागांच्या मधे, आणि डिंकाचा एस किंवा ई पहिल्या भागाबरोबर राहतो, तो पुढच्या ओळीत जात नाही. 'रोव्हीन्स-ग्लास', 'रोव्हीन-स्ग्लास' नाही. सांध्यावर तोडून भागत नसेल तर मग भागाच्या आत सिलॅबलवर, तिथे सोपा नियम असा की एक व्यंजन पुढच्या ओळीत न्यायचं, जोडव्यंजन दुहेरी असेल तर मधे तोडायचं, 'सॉम-मेर'. शेवटी प्रत्यय असेल तर तो अख्खा वेगळा काढलेलाही चालतो. एकच अक्षर ओळीवर एकटं टाकू नका.

तुमच्यासाठी जास्त महत्त्वाचं हे आहे. पानाचा भाषेचा कोड इंग्रजी राहिला असेल तर ब्राउझर इंग्रजी नियमाने तोडतो किंवा तोडतच नाही, आधी तो एन-बी करा, बूकमोलचा कोड तो आहे, न्यूनॉर्स्क असेल तर एन-एन. मग ऑटो हायफनेशन चालू करून बघा. मेन्यू, बटण, हेडिंग अशा मोजक्या शब्दांत मात्र हाताने सॉफ्ट हायफन टाका, सांध्यावर, तो गरज असेल तेव्हाच दिसतो. आणि हे शब्द कुठे तुटतात त्याची यादी क्लायंटकडच्या नॉर्वेजियन माणसाकडून एकदा तपासून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

आता एक गंमतीदार आणि नाजूक जागा, इथे बहुतेक सगळे फसतात. नॉर्वेजियनमध्ये एकच व्यंजन तीनदा ओळीने लिहीत नाहीत. 'नात्त' म्हणजे रात्र, स्पेलिंगमध्ये शेवटी दोन टी. 'तोग' म्हणजे ट्रेन, सुरुवातीला एक टी. जोडले तर तीन टी व्हायला हवेत, पण एक गाळतात आणि दोनच लिहितात, 'नात्तोग', रात्रीची ट्रेन, ऑस्लो-बर्गन लाइनवर असते ती. पण ओळीच्या शेवटी तोडलात की गाळलेला टी परत येतो. पहिल्या ओळीत 'नात्त-' दोन टी घेऊन, दुसऱ्या ओळीत 'तोग' आपला टी घेऊन. तसाच 'बुस्शोफोर', बस ड्रायव्हर, बसचे दोन एस आणि पुढच्या शब्दाचा एक, लिहिताना दोन, तोडताना तीन. मला ही गोष्ट फार सुंदर वाटते, की चिकटल्यावर एक अक्षर दडून बसतं आणि वेगळं केलं की ज्याचं त्याला परत मिळतं.

पण सॉफ्ट हायफनला हे जमत नाही, तो नुसतं तोडतो, अक्षर वाढवत नाही. म्हणून अशा शब्दांत सांध्यावर सॉफ्ट हायफन टाकूच नका, पुढे सिलॅबलवर टाका, 'बुस्शो-फोर', किंवा बटणाचा फॉन्ट लहान करा. तुमच्या क्लायंटची तक्रार बहुतेक अशाच एखाद्या शब्दावरून असेल.

प्रश्न : ट्रॉनहाइमला शिकायला जाणार आहे, पूर्व नॉर्वेजियन ऑनलाइन शिकतोय. सर म्हणतात शब्दाला सूर असतो. जोडशब्दात दोन्ही भागांचे सूर वेगवेगळे लावायचे का?

उत्तर : नाही, एकच. पूर्ण जोडशब्दावर एकच चाल, आणि ती पहिला भाग ठरवतो. पूर्वेकडे असे सूर दोन आहेत, पहिला सूर खालून सुरू होऊन वर जातो, दुसरा वरून सुरू होतो, खाली येतो आणि मग वर जातो. 'तांकेन' पहिल्या सुरात म्हणजे ती टाकी, दुसऱ्या सुरात म्हणजे तो विचार. आता 'व्हिंतेर', हिवाळा, पहिल्या सुराचा, आणि 'सॉम्मेर', उन्हाळा, दुसऱ्या सुराचा. दोघांना 'फेरिये' म्हणजे सुट्टी जोडा, हिवाळ्याची सुट्टी पहिल्या सुरात आणि उन्हाळ्याची दुसऱ्या सुरात, 'फेरिये'ला कुणी विचारत नाही. दोन्हीत शेवटी आवाज वर चढतो, त्यामुळे साधं वाक्यही प्रश्न विचारल्यासारखं वाटतं, सवय होईल. सूर चुकला तरी अर्थ बहुधा कळतो, ठोका चुकला तर कळत नाही, म्हणून आधी ठोका पक्का करा.

तुम्ही विचारलं नाहीत पण मराठी आहात म्हणून सांगतेच. सांध्यावर आपली संधी होते तशी तिथेही होते. आर संपला आणि पुढे टी, डी, एन, एस आला की दोन्ही मिळून ट, ड, ण, ष होतात. 'स्तूर' म्हणजे मोठा, 'तिंग' म्हणजे सभा, त्यांची संसद 'स्तूटिंगे', आर गायब आणि टीचा पक्का ट. ऑस्लोचं मायूष्टुएन स्टेशन आहे, 'मायूर' आणि 'स्तुएन' मिळून, आर-एस-टी एकत्र आले आणि झाला थेट ष्ट, कष्टातला. इंग्रज माणसाला हे वर्षानुवर्षं जमत नाही, आपण बालवाडीत टठडढण घोकलंय. फक्त बर्गन, स्टाव्हँगर, क्रिस्तियानसानकडे आर घशातून काढतात, तिथे ही संधी होत नाही, तिथे गेलात तर ट शोधत बसू नका. ट्रॉनहाइमला होते.

प्रश्न : आठवीत आहे. नॉर्वेजियनमधला सगळ्यात लांब शब्द कोणता?

उत्तर : खरं तर असा शेवटचा शब्द नसतो, कारण पुढे आणखी एक डबा जोडता येतोच. पण नेहमीच्या बातम्यांत येऊ शकेल असा लांब म्हणून 'मेन्नेस्केरेत्तिहेत्सऑर्गानिसाशूनेने' सांगतात, म्हणजे मानवी हक्क संघटना, ३३ अक्षरं, १३ सिलॅबल. आणि हौसेने सांगतात तो ६० अक्षरांचा, फिजिक्सचा. रेघा मारून देते : मिनुरितेत्स-लादनिंग्स-बॅरेर-दिफ्फुशून्स-कोएफ्फिसिएंत-मोलिंग्स-आप्पारातूर. सेमीकंडक्टरमध्ये संख्येने कमी असलेले चार्ज वाहून नेणारे कण किती वेगाने पसरतात तो गुणांक मोजायचं यंत्र. सात भाग. शेवटून वाच, 'आप्पारातूर' म्हणजे यंत्रसामग्री, 'मोलिंग' म्हणजे मोजणं, असं मागे मागे ये. आणि मोठ्याने म्हणताना मोठा ठोका पहिल्या भागातल्या 'तेत'वर, छोटा अगदी शेवटच्या 'तूर'वर, मधे श्वास पुरव.